कॅमेऱ्याने घरात कुठे उभे राहावे

घर प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी ते पडद्यावर पाहण्याची पद्धत पुण्या-मुंबईच्या सदनिकाव्यवहारात आता रुळली असून, दुबई, सिंगापूर किंवा न्यू जर्सी येथे राहून इकडे घर शोधणारी मराठी कुटुंबे तर पुष्कळदा पहिली निवड या पडद्यावरच करतात. अशा दर्शनाला व्यवसायात व्हर्च्युअल टूर म्हणतात, आणि तिचा मूळ घटक असतो पॅनोरमा, म्हणजे एका जागी उभ्या असलेल्या माणसाला चहूकडे, वर आणि खाली जे दिसेल ते सर्व सामावणारे एकसंध चित्र. ते साधे असावे आणि तरीही पाहणाऱ्याला धरून ठेवणारे असावे, याविषयी दुमत नाही. साधेपणा कशाला म्हणावे आणि पाहणारा नेमका कशाने थांबतो, याविषयी मात्र आहे. तो मतभेद स्पष्ट व्हावा म्हणून येथे दोन भूमिका संवादरूपाने मांडल्या आहेत. एक भूमिका विकासकांसाठी अशा टूर तयार करणाऱ्या छायाचित्रकाराची आहे आणि दुसरी आराखड्याकडे राहणाऱ्याच्या बाजूने पाहणाऱ्या वास्तुविशारद बाईंची. दोन्ही व्यक्ती कल्पित असल्या तरी त्यांचे प्रश्न रोजच्या कामातून उद्भवणारे आहेत. चर्चेला आधार म्हणून सुमारे ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण ६५० चौरस फूट चटई क्षेत्राची एक टू बीएचके सदनिका गृहीत धरली आहे.

छायाचित्रकार : पडद्यासमोर बसलेला ग्राहक एका बैठकीत अनेक घरे चाळतो, आणि पहिल्या दृश्यात मन रमले नाही तर तो दुसऱ्या खोलीपर्यंत जातच नाही. म्हणून पहिले दृश्य हॉलच्या सर्वांत देखण्या बाजूकडे तोंड केलेले, भरपूर प्रकाशाचे आणि ऐसपैस दिसणारे असले पाहिजे. चित्र आपोआप संथपणे फिरत राहावे, आणि जिथे जिथे सांगण्यासारखे काही आहे तिथे माहितीचे ठिपके असावेत. पाहुणे येण्यापूर्वी घर आवरतात, तेवढाच हा प्रकार आहे. त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही.

वास्तुविशारद : आवरण्याला हरकत नाही. हरकत आहे ती ग्राहकाला प्रेक्षक समजण्याला. घर शोधणारा माणूस चित्र पाहायला आलेला नसतो, तो प्रश्न घेऊन आलेला असतो : दार उघडल्यावर समोर काय येते, स्वयंपाकघरातून हॉलमधले बोलणे ऐकू येईल का, आईची खोली न्हाणीघराच्या किती जवळ आहे, पलंग लावल्यावर कपाटाचे दार पुरते उघडेल का. ज्या पॅनोरमात या प्रश्नांची उत्तरे स्वतःची स्वतः शोधता येतात, त्यात तो थांबतो, आणि आपोआप फिरणारे चित्र तर त्याच्या हातातून शोध काढून घेते.

फिरत्या चित्राचा प्रश्न फार वेळ चालवण्याचे कारण नाही. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार जी हालचाल आपोआप सुरू होते आणि पाच सेकंदांपेक्षा अधिक चालते ती थांबवण्याची सोय पाहणाऱ्याला असली पाहिजे. शिवाय सगळे दृश्य सरकत असता शरीर मात्र स्थिर असते, या विसंगतीमुळे अनेकांना गरगरते. छायाचित्रकाराने हा मुद्दा सोडून दिला. पुढचा मुद्दा मात्र त्याने सहज सोडला नाही, कारण तो त्याच्या कलेच्या गाभ्याशी होता.

छायाचित्रकार : साध्या छायाचित्रात काय दाखवायचे आणि काय गाळायचे हे चौकट ठरवते. पॅनोरमात चौकटच नसते. गळका कोपरा, उघडी वायर, आरशातली स्वतःची आकृती, खाली तिपाईचे पाय, सगळेच चित्रात येते. चौकट हातची गेल्यावर रचना करायची ती कशाची? म्हणूनच प्रकाश, सजावट आणि ठिपके यांचा आधार घ्यावा लागतो.

वास्तुविशारद : चौकट गेली तरी दोन निर्णय उरतात, आणि तेवढेच पुरेसे आहेत. कॅमेरा कुठे उभा राहतो हा पहिला, आणि चित्र उघडताना तोंड कोणीकडे असते हा दुसरा. पॅनोरमाची सगळी रचना या दोन निर्णयांत सामावलेली आहे.

हे म्हणणे वरवर टोकाचे वाटले तरी पॅनोरमाच्या इतिहासाकडे पाहता त्यात तथ्य दिसते. आयर्लंडमध्ये जन्मलेले चित्रकार रॉबर्ट बार्कर यांनी १७८७ मध्ये या प्रकारच्या चित्राचे पेटंट घेतले, एडिंबरा शहराचे काल्टन टेकडीवरून दिसणारे दृश्य वर्तुळाकार पटावर रंगवले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअर येथे अशा चित्रांसाठी खास गोल इमारत उभारली. त्या पेटंटमधील बराचसा तपशील पाहणाऱ्याच्या जागेविषयी आहे : प्रकाश वरून यावा, प्रवेश खालून असावा म्हणजे दारामुळे वर्तुळ खंडित होणार नाही, पटाची वरची कड झाकलेली असावी, आणि मधल्या मंचाला कठडा असावा म्हणजे प्रेक्षक चित्राच्या फार जवळ जाणार नाही. कुठून पाहायचे हे इतक्या काटेकोरपणे बांधून दिल्यावर कुठे पाहायचे याचे स्वातंत्र्य मात्र पूर्णपणे प्रेक्षकाला दिलेले होते. दृश्यातील ठिकाणे ओळखता यावीत म्हणून छापील मार्गदर्शक आराखडेही तिथे मिळत. १९९०च्या दशकाच्या मध्यावर अ‍ॅपलच्या क्विकटाइम व्हीआरने हेच दृश्य संगणकाच्या पडद्यावर आणले तेव्हा इमारत गेली, कठडा गेला, आणि त्यांच्याबरोबर पाहण्याच्या जागेविषयीची ही काळजीही पुष्कळ अंशी मागे पडली. आजच्या टूरमधील बहुतेक उणिवांचे मूळ याच विस्मरणात आहे.

छायाचित्रकार : खोलीत उभे राहण्याची रुळलेली जागा म्हणजे मध्य. सर्व भिंती सारख्या अंतरावर येतात, प्रकाश सारखा पडतो, आणि चित्रे जोडताना अडचण येत नाही. दारात उभे राहावे असा आग्रह वास्तुविशारद नेहमी धरतात, पण तिथे दाराची चौकट कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावरही नसते. पॅनोरमा अनेक चित्रे जोडून बनतो, आणि दोन चित्रे टिपताना भिंगाची जागा थोडी जरी सरकली तरी जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या तुलनेत हलल्यासारखी दिसते. या दृष्टिभेदाला पॅरॅलॅक्स म्हणतात. चौकट जितकी जवळ तितका तो अधिक, आणि मग जोडावर लाकूड तुटल्यासारखे दिसते. भिंगाच्या ज्या बिंदूभोवती फिरवल्यास हा दोष येत नाही त्याच बिंदूभोवती कॅमेरा फिरवणारा खास माथा तिपाईवर बसवता येतो, पण दोन भिंगांच्या लहान ३६० अंशी कॅमेऱ्यात दोन्ही भिंगे एकाच बिंदूवर असूच शकत नाहीत.

वास्तुविशारद : मग कॅमेरा आडवा वळवावा. दोन्ही भिंगे चौकटीच्या दोन बाजूंकडे तोंड करून ठेवली, की जोड दाराच्या आरपार दिशेत पडतो, जिथे वस्तू दूर असतात.

छायाचित्रकार : तसे करता येते, पण अशा भिंगाच्या कडेची प्रतिमा मध्यापेक्षा मऊ असते, आणि तीच मऊ पट्टी पाहणाऱ्याच्या नेमकी समोर येते. एक दोष घालवून दुसरा आणण्याचा हा प्रकार आहे. आणि दारातल्या चित्रात अर्धे दृश्य चौकटीच्या लाकडानेच भरते, त्याचे काय?

वास्तुविशारद : त्यात तथ्य आहे. मात्र मध्यावर उभे राहिल्याने जे हरवते तेही लहान नाही. खोलीच्या मध्यावरून प्रत्येक खोली स्वतंत्र पेटीसारखी दिसते. हॉलमधून स्वयंपाकघराचा ओटा दिसतो की नाही, शयनगृहाचे दार उघडे राहिले तर पलंग हॉलमधून दिसतो का, हे कळत नाही. माणूस घरात खोल्यांच्या मध्यावर राहत नाही, तो खोल्यांच्या दरम्यान वावरतो.

येथे दोन्ही बाजू आपापल्या अनुभवाला धरून योग्य बोलत होत्या, आणि जो मार्ग निघाला तो तडजोडीपेक्षा अधिक उपयुक्त आहे. कॅमेरा उंबरठ्यावर किंवा मध्यावर न ठेवता दारापासून साधारण एक मोठे पाऊल आत ठेवावा. त्या जागेवरून किमान दोन मोकळे भाग, म्हणजे एक खिडकी आणि एक दार, एका नजरेत येणारे असावेत. आणि पुढचा पॅनोरमा जिथून घेतला आहे ती जागा आधीच्या पॅनोरमातून प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. जिथे आता जायचे आहे ती फरशी डोळ्यांना दिसत असेल तर तिथे पोचल्यावर माणूस गोंधळत नाही, आणि बाणाशिवाय दुसऱ्या कुठल्याही खुणेची गरज राहत नाही. या नियमाने गृहीत सदनिकेत हॉलसाठी दोन, स्वयंपाकघर, दोन शयनगृहे, बाल्कनी आणि मधला बोळ यांच्यासाठी प्रत्येकी एक, असे सात बिंदू पुरतात. साधेपणा म्हणतात तो हा.

तोंडाच्या दिशेबाबतही असेच झाले. छायाचित्रकाराला प्रत्येक खोली तिच्या सर्वांत चांगल्या बाजूने उघडायला हवी होती. वास्तुविशारद बाईंचे म्हणणे असे, की हॉलमधून उत्तरेकडे पाहत शयनगृहात शिरलेला माणूस आत गेल्यावरही उत्तरेकडेच पाहत असला पाहिजे, अन्यथा प्रत्येक पावलाला त्याला कोणीतरी खांद्याला धरून फिरवल्यासारखे होते. प्रत्येक चित्राची उत्तर दिशा एकदा मोजून नोंदवली की हे सहज साधते. तितके श्रम न घेतल्याने अनेक टूरमध्ये घराचा नकाशा पाहणाऱ्याच्या डोक्यात तयारच होत नाही. सुंदर बाजू निवडण्याची मुभा म्हणून फक्त पहिल्या चित्रापुरती उरली, आणि तीही प्रवेशद्वारातून आत पाहण्याच्या दिशेच्या मर्यादेत.

छायाचित्रकार : उभे राहण्याच्या जागेविषयी इतका विचार होत असेल तर मोठ्या दृष्टिक्षेत्राविषयी वास्तुविशारदांची नेहमीची तक्रार कशाला? चित्र तर पूर्ण ३६० अंशांचे आहे. त्यातला एका वेळी किती भाग पडद्यावर दाखवायचा, एवढाच तो प्रश्न आहे. ७० अंशांऐवजी १०० अंश दाखवले तर पाहणाऱ्याला अधिक दिसते, कमी नव्हे.

वास्तुविशारद : अधिक दिसते, पण खोली मोठीही दिसते, आणि ही गोष्ट भूमितीने दाखवता येते.

वास्तुविशारद बाईंचा युक्तिवाद सविस्तर देण्याजोगा आहे, कारण या विषयातील सर्वांत मोठी दिशाभूल इथेच, आणि बहुधा अजाणता, घडते. गोलावरचे दृश्य सपाट पडद्यावर आणताना सरळ रेषा सरळ ठेवायच्या असतील तर कडेचा भाग ताणावा लागतो. दृष्टिक्षेत्र १०० अंश असल्यास पडद्याच्या कडेला हा आडवा ताण मध्याच्या सुमारे २.४ पट होतो, ७० अंशांना तो दीडपटीच्या आसपास राहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणतेही यथादर्शन चित्र एका ठरावीक अंतरावरूनच खरे दिसते. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३४ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावरचे १०० अंशांचे दृश्य खऱ्या प्रमाणात दिसण्यासाठी डोळा पडद्यापासून फक्त १४-१५ सेंटिमीटरवर हवा, आणि ७० अंशांसाठी सुमारे २५ सेंटिमीटरवर. प्रत्यक्षात माणूस अर्धा मीटर किंवा त्याहून दूर बसतो. तो जितका दूर, तितकी समोरची भिंत लांब गेल्यासारखी भासते, आणि खोली प्रत्यक्षाहून लांब वाटू लागते. भिंत हलवलेली नसते, प्रकाशाशी खेळ केलेला नसतो. केवळ एक आकडा मोठा ठेवलेला असतो.

उभ्या धरलेल्या फोनवर तोच आकडा वेगळा परिणाम करतो. आडवे दृष्टिक्षेत्र १०० अंशांवर कायम ठेवले तर १६:९ प्रमाणाच्या उभ्या पडद्यावर उभे दृष्टिक्षेत्र १२९ अंशांपर्यंत जाते, आणि छत व फरशी ओढून ताणल्यासारखी दिसतात. आडवे ६० अंश ठेवले तर उभे ९० अंशांच्या थोडे वर राहते आणि खोली खोलीसारखी दिसते. संगणकासाठी ठरवलेला आकडा फोनवर तसाच सोडून देणे हा म्हणूनच निष्काळजीपणा आहे. हे गणित ऐकल्यावर छायाचित्रकाराने एकच दुरुस्ती सुचवली, आणि ती योग्य होती : उघडताना दृष्टिक्षेत्र मर्यादित ठेवावे, पण पाहणाऱ्याला ते हाताने वाढवता यावे, कारण लहान न्हाणीघरात ७० अंशांत भिंतीशिवाय काही येतच नाही.

कॅमेऱ्याच्या उंचीवर फारसा वाद झाला नाही. साधारण दीड मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याच्या जरा खाली, ही उंची दोघांनाही मान्य होती. कॅमेरा बराच खाली नेला तर छत उंच भासते आणि ओट्याची कड दृश्य अडवते. सगळ्या खोल्यांत एकच उंची ठेवावी आणि तिपाई पाणसळीत असावी, अन्यथा एका खोलीतून दुसरीत जाताना पायाखालची जमीन वरखाली झाल्यासारखी वाटते.

वाद पुन्हा पेटला तो अजून न बांधलेल्या घरांवरून. इमारत उभी राहण्यापूर्वी दाखवला जाणारा पॅनोरमा कॅमेऱ्याने टिपलेला नसतो, संगणकावर रचलेला असतो, आणि त्यात भिंतीपासून उशीपर्यंत प्रत्येक वस्तूचे माप रचनाकाराच्या हातात असते.

वास्तुविशारद : तीन मीटर गुणिले ३.३ मीटरच्या शयनगृहात १.८ गुणिले २ मीटरचा पलंग तीन मीटरच्या दिशेत लावला, आणि त्याच्या पायथ्याशी समोरच्या भिंतीला ६० सेंटिमीटर खोल कपाट केले, तर मध्ये ४० सेंटिमीटरची वाट उरते. तेवढ्या जागेत कपाटाचे दार उघडून समोर उभे राहता येत नाही. कल्पनाचित्रात मात्र पलंग थोडा आखूड आणि कपाट थोडे उथळ काढले की वाट प्रशस्त होते. ग्राहकाला ते कळते घराचा ताबा मिळाल्यावर, फर्निचर आत आल्यावर.

छायाचित्रकार : तो दोष पॅनोरमाचा नव्हे, मापे देणाऱ्याचा. आणि नमुना सदनिकेतही हेच होत आले आहे.

वास्तुविशारद : म्हणूनच स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ यातील कलम १२ नमुना सदनिकेचाही उल्लेख करते. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांवर विसंबून आगाऊ रक्कम दिली आणि त्यातील चुकीच्या विधानामुळे नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी प्रवर्तकावर येते. पडद्यावरचा पॅनोरमा हा नमुना सदनिकेचाच पुढचा अवतार आहे, आणि तो रचणाऱ्याने या कलमाचा आशय आपल्यालाही लागू आहे असे मानूनच काम करावे. त्याच कायद्यातील चटई क्षेत्राच्या व्याख्येत बाल्कनी धरलेली नाही. हॉल आणि बाल्कनी यांच्यामधली भिंत काढून एकच मोठी बैठक दाखवणारे कल्पनाचित्र व्याख्येतला हा भेदच पुसून टाकते.

छायाचित्रकाराचे उत्तर बचावाचे नव्हते. त्याने असे सुचवले की प्रत्येक कल्पनाचित्राच्या कोपऱ्यात ते कल्पनाचित्र आहे हे कायम लिहिलेले असावे, वस्तूंची मापे बोट ठेवताच दिसावीत, आणि कोपऱ्यात आराखड्याची लहान प्रत असावी, ज्यावर पाहणारा कुठे उभा आहे आणि कोणीकडे पाहतो आहे हे ठिपका व पंख्यासारखा आकार यांनी दिसत राहील. माहितीच्या इतर ठिपक्यांवरचा आग्रह त्याने आपणहून सोडला, कारण माप आणि आराखडा दिल्यावर फरशीच्या कंपनीचे नाव सांगणारा ठिपका कोणालाच नको असतो. लेस्टर स्क्वेअरच्या प्रेक्षकाला मिळणारा छापील आराखडा याच गरजेतून आला होता. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रकल्पांच्या जाहिरातींत महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. टूरच्या पहिल्या दृश्यातही तो असला तर नोंदणीकृत माहितीशी पडताळणी एका हालचालीत होते, हेही त्यानेच मांडले.

राहत्या घराच्या पुनर्विक्रीत खासगीपणाचा विचार वेगळा करावा लागतो. भिंतीवरची कुटुंबाची छायाचित्रे, टेबलावरची औषधे, पाकिटावरचा पत्ता, मुलांच्या शाळेचे ओळखपत्र हे सर्व चित्रीकरणापूर्वी उचललेच पाहिजे. नंतर पुसण्यावर विसंबू नये, कारण पूर्ण गोलात एखादी गोष्ट नजरेतून सुटण्याची शक्यता साध्या छायाचित्राहून कितीतरी अधिक असते. चित्राच्या आकाराचाही विचार वेगळा करावा लागतो. ८१९२ गुणिले ४०९६ बिंदूंचा पॅनोरमा ९० अंशांच्या दृश्याला २०४८ बिंदू देतो, ते बहुतेक पडद्यांना पुरतात. आधी धूसर प्रत आणि मग तुकड्यातुकड्याने स्पष्ट प्रत उतरवली की मंद नेटवर्कवरही ग्राहक ताटकळत नाही.

प्रकाशाविषयी मात्र शेवटपर्यंत एकमत झाले नाही. खोलीतला अंधार आणि खिडकीबाहेरचे ऊन एकाच चित्रात दिसावे म्हणून वेगवेगळ्या प्रकाशमानाची तीन किंवा पाच चित्रे घेऊन ती एकत्र करतात.

वास्तुविशारद : त्या पद्धतीने खिडकीबाहेरची शेजारची इमारत स्पष्ट दिसणार असेल तर ती अवश्य वापरावी. पण बाहेरचा भाग पांढरा ठेवून किंवा तिथे निळे आकाश चिकटवून खोली उजळ करू नये. आणि एकाच वेळेचे चित्र अपुरे आहे. पुण्याच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरमध्ये जवळपास तितकाच दक्षिणेला. दक्षिणेची बाल्कनी डिसेंबरात उन्हाने भरते, तर जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर आणि किंचित उत्तरेला असल्याने तिथे ऊन येतच नाही. पश्चिमेचे शयनगृह सकाळी शांत आणि मेच्या दुपारी तापलेले असते. एकाच बिंदूवरून सकाळी व दुपारी घेतलेले दोन पॅनोरमा ग्राहकाला दहा जादा बिंदूंपेक्षा अधिक सांगतील.

छायाचित्रकार : विकासक एका दिवसाचे चित्रीकरण मागतो आणि एका दिवसाचेच पैसे देतो. दुसरी फेरी म्हणजे पुन्हा परवानगी, पुन्हा आवरासावर, पुन्हा तोच बिंदू शोधणे. त्यातही ज्या खोलीचा दोष दुपारी दिसतो तिचे दुपारचे चित्र मागण्याइतका विक्रेता उदार नसतो.

वास्तुविशारद : मग क्लबहाउस आणि व्यायामशाळा यांचे पॅनोरमा गाळावेत, आणि तो वेळ पश्चिमेच्या खोलीला द्यावा.

छायाचित्रकार : ते विकासकाला पटवणे कोणा एका छायाचित्रकाराच्या हातात नाही. त्याच्या हातात इतके आहे : प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापणे, म्हणजे डिसेंबरच्या सकाळचे ऊन कोणी मेच्या दुपारचे समजणार नाही, आणि तिपाईची जागा दोन भिंतींपासून मोजून आराखड्यावर नोंदवून ठेवणे, म्हणजे पुढे कोणालाही, अगदी घर घेणाऱ्यालासुद्धा, त्याच बिंदूवर दुसऱ्या वेळी उभे राहून दुसरे चित्र घेता येईल.

वास्तुविशारद : ती नोंद विक्रेत्याकडेच न ठेवता टूरमध्येच उघडपणे दिसली, तर निदान एवढ्या अटीवर एकच वेळ चालेल.